फिल्टर लावून बघ!

गुरूचा फोटो काढायला मी सहा रंगीत काचा आणल्या. फोटो आलाच, पण त्याआधी त्या काचांनी घरातली एक वेगळीच गोष्ट उघडकीला आणली.

१४ डिसेंबर २०२४. शनिवार, रात्रीचे साडेदहा. ऑफिसचा ग्रुप वाशीला धमाल करतोय, मोबाइलवर धडाधड फोटो येताहेत. आणि मी? नवीन पनवेलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, डोक्यावर आईच्या हट्टापायी घातलेली माकडटोपी. समोर दुर्बीण, स्टुलावर लॅपटॉप, बाजूला थर्मासमध्ये चहा. खाली देवळात दत्तजयंतीचं भजन रंगलेलं. वर पौर्णिमेचा चंद्र आणि त्याच्या शेजारीच आपला हिरो, गुरू.

आता तुम्ही म्हणाल, पनवेलहून आकाशदर्शन? एका बाजूला कळंबोली, दुसऱ्या बाजूला तळोजा एमआयडीसी, मध्ये एक्स्प्रेस-वेचा उजेड. आता तर उलव्याहून विमानंही उडतात! आकाशगंगा विसराच, सप्तर्षी सातच्या सात दिसले तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती.

पण बॉस, इथेच खरी गंमत आहे. ग्रहांना या उजेडाचं काही पडलेलं नसतं. गुरू, शुक्र, मंगळ इतके तेजस्वी असतात, की शहराचा झगमगाट त्यांचं काही बिघडवू शकत नाही. शेजारी पूर्ण चंद्र असला तरी चालतं. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये आपल्या अलिबागला हलवावी लागली होती. ग्रहांच्या फोटोसाठी मात्र असं बिऱ्हाड हलवायची गरज नाही. गच्ची पुरते.

त्यात पनवेलला एक छुपा बोनस आहे. आपण विषुववृत्तापासून फक्त १९ अंश उत्तरेला. त्यामुळे त्या मोसमात वृषभ राशीतला गुरू मध्यरात्रीच्या सुमाराला जवळजवळ डोक्यावर येत होता. ग्रह जितका वर, तितका मधला हवेचा थर कमी आणि चित्र तितकं स्थिर. डेमियन पीच हा इंग्लंडचा नावाजलेला हौशी ग्रह-फोटोग्राफर याच कारणासाठी दुर्बीण घेऊन बार्बाडोसला जायचा. आपल्याला फक्त लिफ्टने सातव्या मजल्यावर जायचंय!

काचेचा मोह

दिवाळी बोनसमधून मी १२७ मिलिमीटर व्यासाची, दीड मीटर नाभीय अंतराची दुर्बीण घेतली. सोबत एक छोटा रंगीत प्लॅनेटरी कॅमेरा. तो आयपीसच्या जागी बसतो आणि यूएसबीने लॅपटॉपला जोडतात. दुकानदाराने हसतमुखाने विचारलं, "मॅडम, फिल्टर सेट नको? त्याशिवाय डिटेल येत नाही." झालं! चार आकडी रक्कम गेली आणि सहा रंगीत काचा घरी आल्या.

सव्वा इंचाच्या, आयपीसच्या नळीत स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या या काचा. कडेवर नंबर कोरलेले : १२ पिवळा, २१ नारिंगी, २५ लाल, ५८ हिरवा, ८० ए निळा, ४७ जांभळा. हे रॅटन नंबर. फ्रेडरिक रॅटन या इंग्रज माणसाच्या कंपनीने फोटोग्राफीसाठी असे फिल्टर बनवले. १९१२ मध्ये कोडॅकने ती कंपनी विकत घेतली, पण नंबरांची पद्धत अजून तीच.

डबी उघडून मी टेबलावर ठेवली होती. बाबा आले, एकेक काच ट्यूबलाइटकडे धरून बघितली आणि म्हणाले, "पंचवीस, अठ्ठावन्न, सत्तेचाळीस. अगं, हे तर आमचे सेपरेशनचे फिल्टर!"

बाबा लालबागच्या एका छापखान्यात प्रोसेस डिपार्टमेंटला होते. स्कॅनर येण्याआधी दिवाळी अंकाचं रंगीत मुखपृष्ठ छापायचं म्हणजे मूळ चित्राचे प्रोसेस कॅमेऱ्याने वेगवेगळ्या फिल्टरमधून फोटो काढायचे. लाल फिल्टरमधून सायनची प्लेट, हिरव्यातून मॅजेंटाची, निळ्यातून पिवळ्याची. जोडीला काळी. चारही शाई एकावर एक बसल्या, की नटीचे गाल गुलाबी! बाबांचं अख्खं करिअर रंग मोजण्यात गेलेलं. आईच्या साडीचा रंग ते अजूनही "यात दहा टक्के मॅजेंटा जास्त आहे" असा सांगतात. गेलं वर्षभर मात्र एकच तक्रार सुरू होती : "हल्ली कॅलेंडरवाल्यांना निळा छापताच येत नाही. सगळा मातकट."

आम्ही हसून सोडून देत होतो.

कंदिलाचा फंडा

फिल्टर काय करतो? बहुतेकांना वाटतं, काहीतरी जादूचं ‘अ‍ॅड’ करतो. चूक! फिल्टर फक्त काढून घेतो.

घरी करून बघा. माळ्यावरच्या जुन्या आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन पेपर घ्या. पांढऱ्या कागदावर एक ओळ लाल पेनने लिहा, एक निळ्या पेनने. आता लाल पेपरमधून बघा. लाल ओळ जवळजवळ गायब आणि निळी ओळ काळीकुट्ट! पेपरने फक्त लाल प्रकाश आत सोडला. लाल अक्षरं लालसर कागदात मिसळून गेली. निळ्या शाईकडे परत पाठवायला लाल प्रकाशच नव्हता, म्हणून ती काळी पडली.

गुरूवर नेमकं हेच चालतं. त्याचे पट्टे तपकिरी, त्यावरचा सुप्रसिद्ध तांबडा डाग विटकरी. हे रंग निळा प्रकाश कमी परतवतात. म्हणून ८० ए लावला, की पट्टे आणि डाग गडद होतात, मधले पांढरे पट्टे उजळ राहतात आणि चित्र खटकन उठून दिसतं. मंगळाचं उलट. तिथे लाल किंवा नारिंगी लावायचा. धुळीची वाळवंटं उजळतात आणि सिर्टिस मेजरसारखे काळपट भाग ठसठशीत होतात. याच सिर्टिस मेजरचं चित्र ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्ये काढलं होतं. मंगळावर निळा लावलात, तर जमीन पुसट होते आणि ढग, ध्रुवांवरचं धुकं वर येतं. एकच ग्रह, पण काच बदलली की वेगळा मजकूर!

लाल रंगाचा आणखी एक प्लस पॉइंट. लाल प्रकाशाची तरंगलांबी जास्त, त्यामुळे हवेच्या थरथरीचा त्याला कमी त्रास. आणि पनवेलच्या गच्चीवर थरथर भरपूर! दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि ग्रह तव्यावरच्या तुपासारखा हलतो.

पण या सौद्याची किंमत असते, ती प्रकाशात मोजायची. निळा ८० ए साधारण ३० टक्के प्रकाश आत सोडतो, लाल २५ जेमतेम १४ टक्के आणि जांभळा ४७ तर ३ टक्क्यांच्या आसपास. लहान दुर्बिणीला एवढी उपासमार परवडत नाही. ४७ चा उपयोग मुख्यतः शुक्राच्या ढगांसाठी. त्याच्याकडे उधळायला प्रकाश भरपूर असतो.

पोपट!

सगळी थिअरी पाठ करून मी रंगीत कॅमेऱ्यापुढे लाल फिल्टर लावला, तीन मिनिटांचा व्हिडिओ घेतला... आणि पडद्यावर आला एक खडबडीत लाल टिकला. शेजारच्या मुलाने निरागसपणे विचारलं, "ताई, हा टोमॅटो आहे?"

दुसऱ्या दिवशी मी बाबांना कॅमेऱ्याचं डिझाइन दाखवलं. रंगीत सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर मुळातच एक सूक्ष्म रंगीत फिल्टर बसवलेला असतो. चार पिक्सेलच्या चौकटीत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही आयडिया, १९७६ चं पेटंट. आपल्या सगळ्यांच्या मोबाइल कॅमेऱ्यात आज तीच आहे.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे तुझा कॅमेरा स्वतःच सेपरेशन करतोय की! त्याच्यापुढे तू आणखी लाल काच लावलीस. मग चारातला एकच कामाला, बाकी तिघं बसून. आमच्याकडे असं केलं असतं तर फोरमनने हाकललं असतं."

इतकं सोपं होतं! रंगीत कॅमेऱ्याला रंगीत फिल्टर लावणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे आणि पिक्सेल दोन्ही वाया. त्यापेक्षा फिल्टर न लावता व्हिडिओ घ्यायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल वेगळे करून बघायचे. लाल चॅनेल सगळ्यात स्थिर. निळ्यात थरथर जास्त, पण तांबडा डाग झकास गडद. माझे सहाही फिल्टर त्या फाइलमध्ये फुकट बसले होते!

रंगीत कॅमेऱ्याला खरा हवा तो इन्फ्रारेड रोखणारा, दिसायला बिनरंगी फिल्टर. सेन्सरला आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेडही दिसतो आणि त्याने रंग फिसकटतात. स्वस्त रंगीत काचांमधूनही इन्फ्रारेड बिनदिक्कत आत शिरतो.

रंगीत फिल्टर खरे चमकतात ते मोनो, म्हणजे कृष्णधवल कॅमेऱ्यापुढे. तिथे प्रत्येक पिक्सेल कामाला लागतो. एका मित्राचा मोनो कॅमेरा वीकएण्डला उसना आणला. लाल, हिरवा, निळा असे तीन व्हिडिओ घेतले. प्रत्येकात हजारो फ्रेम. त्यातल्या हवा क्षणभर थांबलेल्या, चांगल्या फ्रेम ‘ऑटोस्टॅकर्ट’ निवडून एकत्र करतं. मग ‘रेजिस्टॅक्स’मध्ये धार आणायची. तिन्ही चित्रं एकावर एक ठेवली, तर गुरूच्या एका कडेला लाल किनार, दुसरीकडे निळी!

"रजिस्टर आउट," बाबा मागून म्हणाले. छापताना प्लेट किंचित सरकली, की ओठांचा रंग हनुवटीवर येतो ना, तेच. पण इथे प्लेट नव्हती सरकली, गुरू सरकला होता! हा अवाढव्य गोळा दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. फिल्टर बदलण्यात मी सहा मिनिटं घालवली, तेवढ्यात तो साडेतीन अंशांहून जास्त वळला. उपाय एकच, हात चालवा! तिन्ही व्हिडिओ मिळून तीन-चार मिनिटांत उरका. किंवा ‘विनजुपोस’ हे सॉफ्टवेअर वापरून फिरकी गणिताने उलटवा. मंगळाला एक फेरी मारायला साडेचोवीस तासांहून जास्त लागतात. तो बिचारा थांबतो.

काळोख कुणाचा?

आता परत त्या दत्तजयंतीच्या रात्रीकडे.

कॅमेरा काढून मी आयपीस लावला होता, घरच्यांना गुरू दाखवायला. आधी ८० ए लावून आईला बोलावलं. "अगंबाई! दोन पट्टे आहेत गं, जानव्यासारखे!" मी खूश. मग बाबा आले. खुर्चीवर बसले, डोळा लावला, बराच वेळ बघत राहिले.

"काही नाही दिसत."

"बाबा, फोकसचं चाक फिरवा ना."

"फिरवलं. अंधार आहे. मधे एक मळकट ठिपका."

मी वैतागले. आईला पहिल्या झटक्यात दिसलं आणि आयुष्यभर भिंग घेऊन ठिपके तपासणाऱ्या माणसाला दिसू नये? "तुम्ही नीट बघतच नाही," असं मी बोलून गेले. बाबा काही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने शांतपणे म्हणाले, "लाल लाव बघू."

२५ लावला. "हं. आता आहे. गोल आहे, चांगला आहे."

मग त्यांनी स्वतःच टेस्ट घेतली, छापखान्यात घेतात तशी. पिवळा : दिसतो. नारिंगी : दिसतो. हिरवा : कमी. निळा : अंधार. जांभळा : काहीच नाही. सगळ्या काचा एकेक करून डबीत ठेवल्या आणि म्हणाले, "दोष काचेचा नाही गं. माझ्या डोळ्यातच पिवळा फिल्टर बसलाय."

कॅलेंडरचा मातकट निळा माझ्या डोक्यात तेव्हा पेटला.

पुढच्या आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी समजावलं, वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर, मग तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवायला लागतं. हे इतकं सावकाश होतं, की माणसाला कळतच नाही. जगच जरा मळलंय, असं वाटतं. क्लॉद मोने या फ्रेंच चित्रकाराचं हेच झालं होतं. १९२३ मध्ये त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि रंग पुन्हा वेगळे दिसू लागले. बाबांना मोने बिने ठाऊक नाही. त्यांनी एकच विचारलं, "सायन परत दिसेल ना?"

खरं सांगू? त्या रात्रीचं माझं वाक्य मला अजून टोचतं. वर्षभर एक रंगाचा जाणकार माणूस आमच्यासमोर निळा रंग हरवत होता आणि आम्ही त्याला चेष्टेवारी नेत होतो. दुर्बिणीने मला अब्जभर किलोमीटरच्या टप्प्यातलं दाखवलं असेल, पण हे तर जेवणाच्या टेबलापलीकडे होतं.

(एक मात्र लक्षात ठेवा : फिल्टर सेट म्हणजे डोळे तपासायचं यंत्र नव्हे. घरात कुणी पन्नाशी-साठीपुढचं असेल, तर त्यांना सरळ डॉक्टरांकडे न्या.)

दोन डोळे, दोन आवृत्त्या

जानेवारी २०२५ मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. १६ जानेवारीला मंगळ प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर होता. पण बाबांना गच्चीची बंदी, धूळ नको म्हणून. मी एकटीनेच नारिंगी फिल्टर लावून मोनो कॅमेऱ्याने मंगळ टिपला आणि खाली येऊन लॅपटॉपवर दाखवला. बाबा एकदा उजवा डोळा झाकत होते, एकदा डावा. "हा डोळा म्हणजे रद्दीतला पेपर," डाव्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हा आजचा."

फेब्रुवारीत एका संध्याकाळी, डॉक्टरांच्या परवानगीने, बाबा गच्चीवर आले. आठच्या सुमाराला गुरू अगदी माथ्यावर होता. न सांगता मी ८० ए लावला. त्यांनी उजवा डोळा लावला. मी गप्प. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर लावल्याचा आवाज.

"दोन आहेत," ते म्हणाले. "वरचा जरा बारीक."

एवढंच. पण माझं त्या सीझनचं सगळ्यात भारी ‘रिझल्ट’ तेच. त्याचा फोटो नाही.

फोटोवाला गुरूही झाला शेवटी. तीन रंगांचा, रजिस्टर बरोबर बसलेला. त्याची प्रिंट काढून बाबांना दिली. शाबासकीची वाट बघत उभी राहिले. बाबांनी भिंग लावलं आणि निर्णय दिला, "निळा पाच टक्के कमी कर."

केला. बरोबर होतं त्यांचं!

तुम्हाला वाटेल, आपल्यासारख्या नऊ ते सात करणाऱ्यांनी काढलेल्या असल्या फोटोंचं पुढे काय होतं? तर ऐका. फेब्रुवारी २००६ मध्ये फिलिपिन्समधल्या सिबूच्या ख्रिस्तोफर गो या हौशी निरीक्षकाच्या लक्षात आलं, की गुरूवरचं एक पांढरं वादळ लाल झालंय. तोवर ते कुणी टिपलं नव्हतं. १९ जुलै २००९ ला ऑस्ट्रेलियाच्या अँथनी वेस्लीला गुरूवर एक नवा काळा डाग दिसला. काहीतरी येऊन आदळल्याची ती खूण निघाली. दोघंही घरच्या दुर्बिणीवाले. फरक एवढाच, की ते रोज बघत होते, म्हणून रंग बदललेला त्यांना कळला.

बाबांचा डावा डोळा मार्चमध्ये झाला. त्याआधी त्यांनी डॉक्टरांना गंभीरपणे विचारलं होतं, "हा एक पिवळाच ठेवला तर? तुलनेला बरा पडतो." डॉक्टरांनी ऐकलं नाही. आईने तर त्याहून नाही.

घ्या, सुरुवात करा!

- डोळ्याने बघणार असाल, तर सहाचा सेट नको. ८० ए निळा आणि २१ नारिंगी, एवढ्या दोन काचांत गुरू-मंगळ भागतात. शनीच्या पट्ट्यांसाठी १२ पिवळा.
- रंगीत कॅमेरा असेल, तर रंगीत काचा विसरा. इन्फ्रारेड रोखणारा फिल्टर घ्या आणि चॅनेल वेगळे करायला शिका.
- मोनो कॅमेरा असेल, तरच लाल-हिरवा-निळा हा त्रिकोणी संसार. फिल्टर पटकन बदलायला फिरती चकती, म्हणजे फिल्टर व्हील घ्या.
- ग्रह क्षितिजाजवळ असेल, तर हवा त्याचे रंग फाकवते. अशा वेळी एकाच रंगाच्या फिल्टरमधला फोटो जास्त रेखीव येतो.
- दुर्बीण तासभर आधी गच्चीवर ठेवा. स्लॅब थंड झाल्यावर, मध्यरात्रीनंतर हवा जास्त शांत असते. जून ते सप्टेंबर रजा! काचा सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी लागते.
- या रंगीत काचांमधून सूर्याकडे कधीही, अगदी क्षणभरही बघू नका. डोळा जाईल. सूर्यासाठी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवायचे खास सौर फिल्टरच लागतात.
- खरेदीआधी कुणाच्या तरी दुर्बिणीतून बघा. मुंबईचं खगोल मंडळ आणि पुण्याची १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था ही त्यासाठी उत्तम ठिकाणं.
- आणि हो, घरच्यांना वर बोलवा. कुणी म्हणालं "मला नाही दिसत", तर वैतागू नका. आधी विचारा, काय दिसतंय?